ठाण्याच्या आवारातला मिलिटरी ट्रक

माझ्या नोकरीतल्या बहुतेक फाइली बंद झाल्या, तशा त्या मनातूनही गेल्या. एक मात्र गेली नाही. आजही रस्त्यावर लष्करी गाडी दिसली की माझी नजर आधी तिच्या मागच्या चाकांकडे जाते, ती त्या प्रकरणामुळे. त्यातली माणसं अजून त्याच भागात राहतात, म्हणून कोणाचंही नाव इथे लिहीत नाही.

मी मूळचा साताऱ्याकडचा. निवृत्तीला काही वर्षं राहिली असताना बदली होऊन गोंदिया जिल्ह्यात आलो आणि अर्जुनी मोरगाव भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी झालो. इटियाडोहच्या कालव्याचं पाणी पोचतं तिथवर धान आणि त्यापलीकडे सागाचं जंगल, अशी आमची हद्द. जंगलपट्टा संवेदनशील. गावात नवा माणूस मुक्कामाला आला तरी ते ठाण्यात कळलं पाहिजे, असा वरून आदेश असायचा.

त्या हिवाळ्यात वनखात्याचं पत्र आलं. जंगलातल्या तपासणी नाक्यावर सकाळच्या वेळी हिरवी ताडपत्री घातलेला मिलिटरीचा ट्रक आला होता. नाक्यावरच्या वनरक्षकाने फाटक उघडलं, वर सलामही केला. असं दोनदा घडलं. दुसऱ्या खेपेला त्याने सवयीने नंबर वहीत लिहून ठेवला. सुरुवातीला वर तोंड केलेला बाण आणि पुढे आकडे, लष्करी गाडीला असतो तसा. आठवड्याने आत सागाचे ताजे कापलेले बुंधे सापडले. चौकशी केली तर त्या दिवसांत लष्कराची एकही गाडी त्या रस्त्याने गेलेली नव्हती. पत्रासोबत चिखलातल्या टायरच्या ठशांचे फोटो होते. ते मी फाइलला लावले.

लाकूडचोरी आम्हाला नवी नव्हती. पण नक्षलग्रस्त भागात कोणी बनावट लष्करी ट्रक फिरवतो, ही गोष्ट वेगळी होती. जिल्ह्यातून दिवसाला दोन फोन येऊ लागले.

तिसऱ्या दिवशी गावातले एक गृहस्थ ठाण्यात आले. त्यांचा वाहतुकीचा धंदा होता आणि लाकडाची वखार होती. ठाण्याच्या शांतता समितीवर ते होते, बैठकीत पुढच्या खुर्चीवर बसायचे. माझ्यासमोर बसून हळू आवाजात म्हणाले, "साहब, अपने को क्या करना है. पण जबाबदारी म्हणून सांगून राहिलो. इथून दहा-बारा किलोमीटरवर एका गावात राइस मिलचा एक मिस्त्री आहे. त्याच्या कोठ्यात मिलिटरीचा ट्रक आहे. दरवाजा लावून काम करत राहतो. नंबरही मिलिटरीचाच."

मी स्टेशन डायरीत नोंद घेतली, दोन पंच बोलावले आणि तासाभरात निघालो.

मिस्त्रीचं घर गावतलावाच्या पाळीला लागून होतं. तो तलाव त्याच्याच पूर्वजांनी बांधलेला, असं पंचांपैकी एकाने वाटेत सांगितलं होतं. माणूस साठीच्या आतबाहेरचा, किडकिडीत, हात कोपरापर्यंत काळे. कोठ्याचं, म्हणजे गोठ्याचं, दार त्यानेच उघडलं. आत गुरं नव्हती. मधोमध एक टनी लष्करी ट्रक उभा होता आणि त्याच्या अंगावर हिरवा रंग कुठेच नव्हता. सगळ्या पत्र्यावर ताजा, विटकरी रेड ऑक्साइड. मला पहिल्यांदा वाटलं ते हेच की पुरावा नष्ट करायला याने हिरवा रंग खरवडून काढला आहे.

"गाडी कुठून आणली?"

"लिलावातून घेतलो साहेब. सहा वर्षं झाली. भंगार होता. इंजिन जाम."

त्याने पत्र्याच्या पेटीतून कागद काढून दिले. लिलावाच्या पावतीवरचा जुना लष्करी नंबर आणि नाक्यावरच्या वहीतला नंबर मी शेजारी धरून मोठ्याने वाचले. दोन्ही एकच होते.

"कशासाठी घेतली?"

"चालू कराले."

"चालू करून काय करणार?"

तो जरा गोंधळला. म्हणाला, "मंग चालू ठेवीन."

 बत्तीस वर्षांच्या नोकरीत मला प्रत्येक गोष्टीमागे हेतू शोधायची सवय झाली होती. मिलमध्ये दिवसभर पट्टे आणि बेअरिंग बदलणारा माणूस घरी येऊन सहा वर्षं एका भंगार ट्रकवर मेहनत घेतो आणि त्यातून त्याला काहीच नको असतं, हे मला पटेना.

"रंग काऊन काढला?" माझ्या हवालदाराने विचारलं. तो तिकडचाच.

"तो हिरवा रंग आपल्याले लावता येत नाही. कायदा आहे. गंज होता, खरवडलो, प्रायमर मारलो."

"आणि नंबरची पाटी?"

इथे तो पहिल्यांदा अडखळला. पाटी ट्रकवर नव्हती, कोठ्यातही नव्हती. "होती. पुसून ठेवलो होतो. हरपली."

"कधी?"

तो वाकून खाली पडलेला पाना उचलू लागला.

मी ट्रक सुरू करायला सांगितलं. पहिल्याच प्रयत्नात इंजिन लागलं, आणि माझा संशय आणखी पक्का झाला. पंचनामा करून ट्रक जप्त केला. मिस्त्रीच तो चालवत ठाण्यात घेऊन आला, मी शेजारी बसलो होतो. रस्त्यात माणसं थांबून बघत होती. त्याने सगळ्या वाटेत एकदाच तोंड उघडलं. "दुसऱ्या गिअरमध्ये थोडा आवाज देते," एवढंच म्हणाला, तेही बहुधा स्वतःशी.

चौकशीत त्याने मारझोडीची वेळ आणली नाही आणि मी ती पद्धत कधी वापरलीही नाही. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं तो सरळ उत्तर द्यायचा. ब्रेकचे भाग कुठून आणले, टाकी कोणी वेल्ड केली, ताडपत्रीच्या कमानी कोणी वाकवल्या, सगळं सांगायचा. पाटीवर आलं की गप्प. माझा अनुभव असा की खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो. हा कमी बोलत होता. हे मला तेव्हा टोचलं होतं, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. नोटीस देऊन रोज हजर राहायला सांगितलं. "सोमवारपर्यंत अटक दाखवा," असं वरून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर तो माझ्या दारात उभा राहिला.

"साहेब, गाडी तुमच्याजवळ ठेवा, मी काही म्हणत नाही. पण उभी राहून राहून खराब होऊन जाईल. मले रोज अर्धा घंटा तिच्याजवळ येऊ द्या."

ठाण्याचं आवार कोणतंही असो, तिथे जप्त केलेल्या गाड्यांचं काय होतं हे वाचकांना ठाऊक असेल. आमच्याकडेही वेली चढलेली जीप होती, सांगाडे झालेल्या मोटारसायकली होत्या. त्याची नजर त्यांच्यावरून फिरलेली मी पाहिली. याला गाडीतून काही काढून न्यायचं असेल, असं माझ्या मनात आलं. तरीही होकार दिला, तो याच विचाराने. काय काढतो ते बघू. हवालदाराला शेजारी उभं केलं आणि रोज डायरीत नोंद ठेवायला सांगितली.

तो सकाळी दहाला यायचा. रेडिएटरचं पाणी बघायचा, बॅटरीची टोकं घासायचा, हँडल घालून इंजिन हाताने दोन-तीन फेरे फिरवायचा. आम्ही आवारात उभा केलेला ट्रक एका बाजूला कलला होता, तर त्याने चाकाखाली विटा लावून तो सरळ केला. जाताना सीटवरची धूळ खांद्यावरच्या पंच्याने पुसायचा. माझ्या खिडकीतून सगळं दिसायचं. त्याने काहीच काढून नेलं नाही. मी मात्र रोज त्याच्या पिशवीची झडती घ्यायला लावत होतो.

शुक्रवारी मी शेवटचा प्रयत्न केला. टायरच्या ठशांचे फोटो घेऊन आवारात गेलो आणि ते त्याच्यासमोर धरले. "हे तुमच्याच गाडीचे ठसे आहेत. आता तरी बोला."

त्याने हात पुसले, फोटो उजेडाकडे धरला आणि बराच वेळ पाहिला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "साहेब, हे जोडचाक आहेत. माझ्या गाडीले मागे दोन्हीकडे एकएकच चाक आहे."

मी ट्रकच्या मागे गेलो. एका बाजूला एक चाक, दुसऱ्या बाजूला एक. फोटोत मागच्या चाकांचे दोन-दोन पट्टे शेजारी-शेजारी उमटलेले होते, साध्या मालट्रकचे उमटतात तसे. फोटो पहिल्या दिवसापासून माझ्या फाइलला होता आणि ट्रक आठवडाभर माझ्या खिडकीसमोर. नंबर जुळल्यावर मी चाकांकडे बघितलंच नव्हतं. हवालदार दुसरीकडे पाहत उभा राहिला, त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

म्हणजे पाटी याची, पण गाडी दुसऱ्याची. मी त्याला आत नेऊन खुर्ची दिली. "पाटी कोणाला दिलीत?"

"दिलो असं मी म्हटलो नाही."

"तुम्ही कोणाला तरी वाचवताय. सोमवारी तुम्हाला अटक होईल."

"होऊ द्या," तो म्हणाला.

त्याच दुपारी एक पंचविशीतली बाई डबा घेऊन ठाण्यात आली. मिस्त्रीची मुलगी. वडिलांना रोज ठाण्यात बोलावतात हे तिला सासरी कोणी सांगितलं नव्हतं, शेजारणीकडून कळलं होतं. आमच्या महिला शिपायाने नेहमीप्रमाणे नाव, पत्ता, नवऱ्याचं नाव वहीत लिहून घेतलं. पाच मिनिटांनी हवालदार ती वही घेऊन माझ्या खोलीत आला आणि दार लोटून घेतलं. "साहेब, हा पत्ता बघा."

पत्ता गावातल्या वखारीचा होता. आम्हाला खबर देणाऱ्या गृहस्थांची ती सून होती.

 तो माणूस माझ्या टेबलासमोर बसून "एक मिस्त्री आहे" असं म्हणाला होता. तो मिस्त्री आपला इवाई, म्हणजे व्याही आहे, हे त्याने सांगितलं नव्हतं, आणि "तुम्हाला हे कसं कळलं?" हे मी विचारलं नव्हतं. शांतता समितीच्या सदस्याला कोण विचारतो?

मुलीला आत बोलावलं. सोबत वडील आणि महिला शिपाई होते. मी वहीतला नंबर तिच्यासमोर ठेवला आणि विचारलं, अशी पाटी कुठे पाहिली आहे का. मिस्त्री लगेच उठला. "बाई, तू घरी जा."

"कोणत्या घरी जाऊ, बाबूजी?" ती म्हणाली.

मग ती माझ्याकडे वळली. "दिवाळीत सासरे आमच्या गावाले जेवाले आले होते. पाटी आवडली म्हणे, ऑफिसात लावतो म्हणून मागून नेली. बाबूजीनं हसून देलं. ऑफिसात कधी लागली नाही. वखारीत मागच्या खोलीत पोत्यात गुंडाळून आहे. मी खोली झाडाले गेली तेव्हा पायली."

मिस्त्री भिंतीकडे तोंड करून उभा होता. खांदे हलत होते. नंबर मी त्याच्या कोठ्यात पहिल्यांदा वाचून दाखवला, त्याच क्षणी त्याला सगळं कळलं होतं. मुलीचं घर मोडू नये म्हणून तो गुन्हा अंगावर घ्यायला तयार होता. मुलगी बापाला वाचवायला स्वतःचं घर पणाला लावत होती. मी जबाब लिहून घेतला, तिला वाचून दाखवला. तिने सही केली.

संध्याकाळच्या आत वनखात्याचे अधिकारी आणि पंच घेऊन वखारीची झडती घेतली. पाटी तिने सांगितली तिथेच मिळाली. मागच्या अंगणात एक मालट्रक होता, त्याचा हिरवा रंग अर्धा खरवडलेला. मागे जोडचाकं. ड्रायव्हरने तासाभरात सगळं सांगितलं. वनखातं नंबर शोधतंय हे कळताच मालकाने आधी व्याह्याचं नाव पुढे केलं होतं. ते गृहस्थ माझ्यासमोर आणले, तेव्हाही त्यांचा आवाज चढला नाही. "साहब, मैंने तो खबर सच्ची दी थी," एवढंच म्हणाले.

ते खरंच होतं. कोठ्यात ट्रक होता, दार लावून काम चालत होतं, कागदांवरचा नंबर लष्करी होता. त्यांच्या खबरेत एकही शब्द खोटा नव्हता. खबर खरी की खोटी हे तपासायला आम्हाला शिकवलेलं असतं. खरी खबर कोण देतो आणि त्याला त्यातून काय हवं आहे, हे मी त्या वयात, एका निरपराध माणसाची रोज पिशवी तपासून झाल्यावर शिकलो. आणि हेही शिकलो की ज्या माणसाच्या कामाचा मला अर्थ लागत नाही, तो काही तेवढ्यावरून गुन्हेगार ठरत नाही.

कोर्टाच्या आदेशाने सुपूर्दनाम्यावर, म्हणजे हमीपत्र लिहून घेऊन, ट्रक परत दिला. मी मिस्त्रीची माफी मागितली. तो म्हणाला, "तुमाले तरी काय मालूम होतं, साहेब," आणि बॉनेट उघडून तेल बघू लागला.

मुलगी वर्षभर माहेरी राहिली. नवऱ्याचा गुन्ह्याशी संबंध नव्हता, पण बाप तुरुंगात गेला तो बायकोच्या जबाबामुळे, हे त्याला पचवायला वेळ लागला. पुढे तो येऊन तिला घेऊन गेला आणि दोघं गोंदियात वेगळं बिऱ्हाड करून राहिले, असं ऐकलं. सासरच्या बाकीच्यांनी तिला पुन्हा दारात उभं केलं नाही.

या तपासाबद्दल मला वरिष्ठांकडून प्रशस्तिपत्र मिळालं. त्यात माझ्या बारीक निरीक्षणाचं कौतुक आहे. मुलीचा उल्लेख फक्त दोषारोपपत्रात आहे. तिथे तिला साक्षीदार क्रमांक तीन म्हटलं आहे.