मामीसमोरचा बेल्ट

आमगावात मामाची नक्कल माह्याएवढी कोणालेच जमत नव्हती. मान वाकडी करून, छातीवरून पट्टा ओढल्यासारखा हात नेऊन मी म्हणायचो, "बेल्ट लावा रे पोट्टेहो, जीव काय दुकानात भेटते काय?" लग्नाच्या पंगतीत लोक घास सोडून हसायचे. मामाही हसायचा, कारण हे त्याचंच वाक्य होतं. मामीचा भाऊ देवरी रोडवर गाडीच्या अपघातात बिना बेल्टचा मेला, तेव्हा मामानं तिले बेल्ट लावाचा शब्द देला होता. ती रोज घराच्या फाटकापाशी उभी राहायची. मामानं पट्टा ओढलेला दिसला का मगच आत जायची.

मामा धानाची दलाली करायचा. बारावी झाल्यावर मी त्याच्यासंगं रोज गाडीत देवरीले जात होतो. मी बेल्ट लावायचो, कारण मामा लावत होता. दुसरं काही कारण नाही. आमच्याकडचे पोट्टे बेल्ट म्हणजे पोलिसाले दाखवायची वस्तू समजत.

त्या दिवशी जंगलातल्या वळणावर म्हशी आडव्या आल्या. मामानं ब्रेक मारला अन् गाडी रस्ता सोडून सागाच्या झाडाले भिडली. पट्ट्यानं माह्या छातीले असा हिसका देला का श्वासच अडकला, पण मी सीटवरच होतो. मामा स्टिअरिंगवर आपटला होता. त्याले बाहेर काढाले गेलो, तर त्याचा पट्टा मोकळाच लोंबून राहिला होता. टोक मांडीखाली दाबलेलं. अन् बेल्ट अडकवाच्या खाचीत नुसती क्लिप खोचलेली, बिना पट्ट्याची. ती खोचली का बेल्ट न लावताही गाडी कुईकुई करत नाही. गोंदियात गाडीच्या सामानाच्या दुकानात मिळते.

मामाचं रक्त पाहूनही मी गप होतो. क्लिप पाहून माह्या तोंडून शिवी निघाली.

दवाखान्यात मामाच्या बरगड्या मोडल्याचं समजलं. मामी धावत आली. तिनं काही विचाराच्या आधी मामाच बोलला, बेल्ट लावला होता, पण बेल्टच कामाचा निघाला नाही. मामीनं त्याचं खरं धरलं. मले म्हणाली, आता तूही लावू नको, असल्या पट्ट्याच्या भरोशावर मरायचं कायले.

तिथं मले राहवलं नाही. "मामी, त्यानं मांडीखाली दाबला होता. फाटकापाशी तुले दाखवाले रोज हेच करत असन."

मामानं डोळे मिटले. "भाचा म्हणून संगं नेत होतो तुले," एवढंच बोलला. म्हणजे दगा मीच देला.

मामी रडली नाही. "मंग मी रोज काय पाहत होती जी?" तिनं विचारलं.

दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा भाड्याची गाडी आणली. मामाले पुढं बसवलं. दुखते म्हणून तो बेल्ट नको म्हणत होता. मामी डॉक्टरले विचारून आली, त्याच्या छातीवर टॉवेलची घडी ठेवली, पट्टा स्वतः ओढून खटका वाजेपर्यंत दाबला. मग जोरानं ओढून पाहिला. परत एकदा ओढला. मामा कण्हला. ती मागच्या सीटवर येऊन बसली, अन् आमगाव येईपर्यंत तिचा हात दोन सीटांच्या मधून त्या खटक्यावरच होता.