उजव्या कोपऱ्यातला तांब्या

बाबा पेंटर होते. जानेफळात आणि आसपासच्या गावांत किराणा, रसवंती, सायकल दुरुस्ती, जिथे म्हणून पाटी होती ती बहुतेक त्यांच्या हातची. अक्षराला शेड द्यायची तर उजेड कुठून येतो ते आधी ठरवायचं, हा त्यांचा नियम, आणि त्यात चुकणाऱ्याला ते पेंटर मानत नसत. मग फ्लेक्स आला. बाबांनी ब्रश धुऊन डब्यात उभे केले आणि ओट्यावर बसायला लागले. तिथून फ्लेक्सवाल्यांना शिव्या घालत. हे आधीच सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

मी कंपायलरवर काम करते. गावात कोणी विचारलं तर 'कंप्युटरचं' एवढंच सांगते, पुढचं सांगत बसलं की समोरच्याचा चहा गार होतो. आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा हुकमांत उतरवून देतो तो कंपायलर. आमच्या कंपनीचा कंपायलर जुना, भरवशाचा. त्याला दोन-तीन भाषा येत होत्या. त्याला आणखी एक शिकवायची होती, चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यावर किती उजेड आणि कोणता रंग हे सांगणारी शेडिंगची भाषा. ते काम माझ्या वाट्याला आलं. घरून काम करायची मुभा मिळाल्यापासून मी जानेफळातच होते, पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल टाकून.

तपासायला मी एक चित्र बनवलं होतं. एक खोली, त्यात तीन गोळे आणि उजव्या कोपऱ्यात पितळी तांब्या. तांब्या आमच्याच घरातला, समोर दिसला म्हणून घातला, सुरुवातीला साधा पिवळा रंग देऊन. पहिल्यांदा चित्र उमटलं तेव्हा मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचले. बाबा मागे कप घेऊन उभे होते.

"सावली उजवीकडं पडली, तं गोळा डावीकडून उजळाले पाह्यजे," ते म्हणाले. "हा तं उजवीकडूनच उजळला. असं कुठं असते काय?"

मला राग आला. तीन आठवडे मी राबत होते आणि हे चहा पिता पिता चूक काढत होते. पण चूक खरी होती. उजेडाची दिशा ठरवणारा आकड्यांचा चौकोन एका भाषेत आडव्या ओळींनी वाचतात, दुसरीत उभ्या. मी एकाच भाषेची सवय दोन्हीकडे चालवली होती, आणि उजेड नेमका उलट बाजूने आला होता. आमच्या चाचण्यांना ते कळलं नव्हतं. त्या फक्त भाषांतर अडखळल्याशिवाय पार पडतं का, एवढंच बघत.

त्या दिवसापासून बाबा माझे तपासनीस झाले. रोज अकराला माझी पुण्याच्या वरिष्ठ बाईंबरोबर बैठक असे. घरात फोनला रेंज नाही म्हणून मी फोन घेऊन अंगणात लिंबाखाली जायची आणि बाबा लॅपटॉपसमोर बसायचे. त्याच खोलीची वेगवेगळ्या उजेडातली दहा चित्रं मी केली होती, बाणाचं बटण दाबत ती एकेक बघायचे. मी आत आले की सांगायचे, तिसऱ्यात उजेड मेला, सातव्यात सावली फार काळी. त्यासाठी सकाळीच दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसत. आई म्हणायची, ह्यांना नोकरी लागली. मीही बाईंना कौतुकाने सांगितलं होतं की आमच्या घरी माझ्यापेक्षा चांगला डोळा आहे. त्या हसल्या होत्या, आणि मला त्यात काही खोटं वाटत नव्हतं.

आईनेच पहिल्यांदा सांगितलं. मी जेवत होते.

"त्यायचा खांदा रोज चौकटीले लागते," ती म्हणाली. "अन् बाजूनं कोणी आलं तं दचकतेत. त्यायले डोळ्याच्या डॉक्टरकडं ने."

मी बाबांना भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं केलं. त्यांनी तारखांखालची बारीक अक्षरं, तिथी, नक्षत्र, सगळं घडाघडा वाचून दाखवलं. पाठ म्हणावं तर पुढच्या महिन्याचं पानही तसंच वाचलं. मी आईलाच टोमणा मारला की तुझा चष्मा बदल. बाबाही हसले, तिची थट्टा करून घेतली. आई ताट उचलून आत गेली. काम पंधरा दिवसांत द्यायचं होतं आणि बुलडाण्याला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडणार होता. कॅलेंडर वाचलं गेलं याचं मला बरंच वाटलं.

त्याच पंधरा दिवसांत मी एक लबाडी केली. त्या भाषेतलं एक फंक्शन, चकचकीत धातूवर आजूबाजूचा उजेड कसा उतरतो ते काढणारं, माझ्याकडून बसत नव्हतं. खरं तर कंपायलरने तिथे थांबायला हवं होतं आणि स्वच्छ सांगायला हवं होतं की हे मला येत नाही. पण तो थांबला की चाचण्या नापास होत. मी त्या जागी शून्य परत करणारी एक ओळ लिहिली आणि वर टीप टाकली, नंतर बघू. चाचण्या सगळ्या पार पडल्या. आमच्या धंद्यात असं सगळेच करतात, असं मी स्वतःला सांगितलं. सगळेच करतात हेही खरंच आहे.

काम देण्याच्या दिवशी बैठक लांबली. आत आले तर बाबा मांडीवर हात ठेवून बसले होते. दहाची दहा चित्रं बघून झाली होती.

"सगळे बरोबर हायेत," ते म्हणाले. "झकास उजेड पडला, बाई."

मी एकही चित्र न उघडता काम पाठवून दिलं. सोबत लिहिलं, चित्रं डोळ्यांनी तपासली आहेत.

दुसऱ्या दिवशी मी लिंबाखाली असताना बाईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. त्यांनी विचारलं, उजव्या कोपऱ्यात ते काळं काय आहे? मी आत येऊन चित्र उघडलं. गोळे सुरेख उजळले होते आणि तांब्याच्या जागी डांबराचा गोळा ठेवावा तसं काळं होतं. दहाही चित्रांत तेच. शून्य उजेड म्हणजे काळा रंग, इतकं साधं. आंधळ्यालाही दिसलं असतं, असं माझ्या मनात आलं, आणि त्या शब्दांची मला अजून लाज वाटते.

मी बाबांना हाक मारली. रागातच मारली.

"बाबा, तांब्या कुठं हाये दाखवा बरं."

ते खुर्चीत बसले. मधल्या गोळ्यावर बोट ठेवलं आणि ते उजवीकडे सरकवू लागले. बोट काळ्या डागावरून सरळ पुढे गेलं, पडद्याच्या कडेवरून घसरलं आणि खाली टेबलावर टेकलं. त्यांनी परत मधून सुरुवात केली. दुसऱ्यांदाही बोट टेबलावर आलं. तेव्हा त्यांनी हात मांडीवर घेतला आणि खिडकीकडे पाहत बसले. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मी आईला बुलडाण्याच्या गाडीची वेळ विचारली.

बुलडाण्याच्या डॉक्टरांनी एका यंत्रासमोर त्यांची हनुवटी टेकवली. आत एक पांढरा वाडगा होता, त्यात इकडेतिकडे उजेडाचे ठिपके लागत. ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. बाबांनी ठेका धरल्यासारखं बटण दाबायला सुरुवात केली. थोड्या वेळाने यंत्रावरची बाई म्हणाली, काका, ठिपका लागला नाही तरी तुम्ही दाबताय. बाबा म्हणाले, दिसला मले. तिने पहिल्यापासून पुन्हा घेतलं. तिसऱ्या वेळी ते खरं वागले. मी दाराशी उभी होते. बटणाचा आवाज येईना आणि तो यावा म्हणून मी देवाचं नाव घेत होते.

कागद छापून आला. मध्यभागी थोडं पांढरं, भोवती राखाडी आणि उजवी बाजू काळी, दोन्ही डोळ्यांची. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, बऱ्याच वर्षांचा. तो कडेकडून खातो, मधली नजर शेवटपर्यंत ठेवतो, म्हणून माणूस बारीक अक्षरं वाचतो आणि घरच्यांना पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांनी सांभाळायची. मी विचारलं, महिनाभर आधी आलो असतो तर? ते म्हणाले, महिन्याने फार फरक पडला नसता, दोन-तीन वर्षांनी पडला असता. मला धीर द्यायला सांगितलं असावं. दोन-तीन वर्षांपूर्वीही मी याच घरात, याच टेबलाशी बसत होते.

परतीच्या मेहकरच्या एसटीत मी त्यांना खिडकीशी बसवलं आणि कधीपासून दिसत नाही ते विचारलं. ब्रश ठेवले तेव्हापासूनच, ते म्हणाले. फ्लेक्सने काम नेलं हे अर्धंच खरं होतं. शेवटच्या पाटीवर त्यांनी अर्ध्या अक्षरांना शेड दिली आणि उजवीकडची तशीच सोडली होती. दुकानदाराने काही न बोलता पाटी उतरवून फ्लेक्स लावला. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही.

"मंग मले काऊन नाही सांगतलं?" मी विचारलं. "मी रोज तुमाले विचारत होती."

"त्यासाठीच तं," ते म्हणाले. "किती दिवसानं कोणी उजेडाचं विचारे मले. नाही दिसत म्हटलं असतं, तं तू विचारणं बंद केलं असतं."

मी त्यांच्यावर चिडले. भर गाडीत बोलले, की तुमच्यापायी मी तोंडघशी पडले, आईला वेड्यात काढलं. लोक वळून बघायला लागले. बाबा खिडकीबाहेर बघत होते, आणि त्यांना त्यातलं किती दिसतं हे मला ठाऊक नव्हतं.

ती शून्याची ओळ मी काढली. आता कंपायलरला एखादी गोष्ट येत नसेल तर तो थांबतो आणि तसं सांगतो. ते फंक्शनही नंतर नीट बसवलं. चित्रं मी स्वतः बघते. तरी बाबा सकाळी दाढी करून, डोळ्यांत थेंब घालून, अकराच्या सुमाराला खुर्चीत येऊन बसतात.  मी नवीन चित्र लावते आणि फोन घेऊन अंगणात जाते, आल्यावर ते 'बरोबर हाये' म्हणतात आणि मी 'हो' म्हणते.

गेल्या आठवड्यात मी आत आले तेव्हा पडद्यावर तेच पहिलं चित्र होतं. बाबा मान उजवीकडे वळवत, परत आणत, कितीतरी वेळ बघत होते. तांब्या आता सोन्यासारखा लखलखत होता.

"उजवीकडचं मले नाही दिसत, बाई," ते म्हणाले. "तूच पाह्य."

हेच त्यांनी आधी का सांगितलं नाही म्हणून मी भर एसटीत त्यांना बोलले होते. आता त्यांनी सांगितलं, आणि मला वाटलं, आजही खोटंच बोलले असते तर फार बरं झालं असतं.