हिरव्या लोकरीतले हार

त्या दुपारी आमच्या मळ्यात चक्क ऊन पडलं होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. गणपती विसर्जन नुकतंच झालं होतं आणि झेंडूला कुत्रं विचारत नव्हतं...

नासर्डी गोदावरीला मिळते, त्याच्या जरा वरच्या अंगाला आमचा मळा. उरलेली फुलं उकिरड्यावर टाकायची नाहीत, नासर्डीत सोडायची, हा सासूबाईंचा नियम. नासर्डी ती गंगेला देते आणि गंगा पार पूर्वेच्या समुद्राला, असं त्या सांगायच्या. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात.

सकाळी मी उरलेले हार सोडले. दोरा संपला म्हणून ते लेकीच्या टोपड्यातून उरलेल्या हिरव्या लोकरीत ओवले होते. दुपारी लेक काठावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत झोपली होती. शेजारी फुलांच्या पाट्या धुवून झाल्या की तिला तिथेच ठेवून मी वरच्या वाफ्यात तोडणीला जाणार होते...

आणि हार परत आले. संगमाकडून, उलट्या दिशेने... हळूहळू येऊन बाभळीखाली थांबले.

आधी वाटलं, दुसऱ्या कोणाचे असतील. मग हिरवी लोकर दिसली. अंगावर सरसरून काटा आला. इतका वेळ पाण्याचा आवाजच येत नव्हता, हे तेव्हा कुठे लक्षात आलं.

सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या, वाकून हार बघितले. सोडलेलं फूल परत आलं तर त्या जागी थांबू नये, एवढंच त्यांचं शास्त्र. एरवी मी वाद घातला असता.

"आज गंगेला नको हायेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पोरीला उचल."

मी उचललं. वरच्या घरी जाऊन चहा टाकला, पिऊन बाहेर येऊन बघते तर काठ नव्हताच. बाभळीचा नुसता शेंडा दिसत होता...

रात्री नवऱ्याने कारण सांगितलं. त्र्यंबकच्या डोंगरात तुफान पाऊस, त्यात धरणातून सोडलेलं पाणी. गोदावरी इतकी फुगली की नासर्डी तिच्यात शिरेना, उलटी मागे फिरली. मला पटलं. आजही पटतं.

पण एवढा काठ मोकळा असताना ते हार बरोबर माझ्या लेकीच्या झोळीखालीच का थांबले, हे त्यालाही सांगता आलं नाही.

लेक आता नोकरीला जाते. गंगेच्या पुलावरून जाताना मी मनापासून हात जोडते... खाली मात्र बघत नाही.