विमानाची तीन पाती

अमरावतीचा सूर्यभान तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात ते लाकडी बैल कोरायचा. त्रेचाळीस साली त्याने विमान कोरायला घेतलं आणि बैल अर्धवट पडून राहिले.

चांदूर रेल्वेजवळ त्याचे मामा नत्थुजी यांच्या वावरात एक लष्करी विमान पडलं होतं. वैमानिक जागीच गेला. विमान खाली येताना नत्थुजींनी कौतुकाने उपरणं हलवलं होतं. गाव म्हणायचं, "यानंच त्याले बलावलं." नत्थुजींनी पारावर बसणं सोडलं. विमान नेमकं कसं पडलं ते सूर्यभानला करून पाहायचं होतं.

पहिलं विमान त्याने मला, त्याच्या मित्राला, दाखवलं. पुढच्या पंख्याची तिन्ही पाती सारखी वाकवलेली. बैलाची शिंगं जोडीने सारखी करायची हाताला सवय. ते घेऊन आम्ही नत्थुजींच्या वावराशेजारी पार्बताबाईच्या मळ्यात गेलो. पडलेल्या विमानाचं एक पातं तिने पाण्याच्या पाटावर टाकलं होतं, ओलांडायला.

"हे काय केलं रे?" ती हसली. "माहं पातं पाय, सरळसोट. तुहं विमान लाजून राहिलं काय?"

तेव्हापासून सूर्यभान एका जागी बसेना. अवशेष वाहून नेणाऱ्या महादेवराव गाडीवानांना त्याने गाठलं. दुसरंही पातं सरळ होतं. तिसरं, जमिनीत रुतलेलं, तेवढंच वाकलं होतं. मग अकोल्याला, कापसाच्या जिनातल्या फिटरकडे.

"फिरता पंखा आपटला त सारीच पाती वाकतीन," फिटर म्हणाला. "हा आधीच बंद होता."

म्हणजे इंजिन वरच बंद पडलं होतं. उपरण्याचा काही संबंध नव्हता.

सूर्यभानने सगळं लिहून काढलं. शुद्धलेखन तपासायला त्याने ते मला दिलं, कारण मी मराठी घेऊन बी.ए. झालेलो. कोणी काय पाहिलं, कुठून पाहिलं, काय नुसतं ऐकलं, सारं वेगवेगळं. मी वाचतच राहिलो. हा आपला बैल कोरणारा सूर्यभान?

नत्थुजींना वाचून दाखवलं. ते ताडकन उठले. "चाल पारावर. तेथी वाच."

"थांबा मामा. वैमानिकाचं नाव नाई भेटलं. चौकशी करून राहिलो अजून."

"तुही चौकशी होत राहीन. माहं पारावर बसनं कवा होईन?"

पारावर कोणी टोमणा मारला, "आला बावा विमानवाला भाचा!" सूर्यभान वाचू लागला. वाचन पात्यांपाशी आल्यावर महादेवराव म्हणाले, "खरं हाय. गाडीत म्याच टाकलं होतं." आणि ते थोडे सरकले.

नत्थुजी बसले.

सूर्यभान वैमानिकाच्या नावापाशी अडला. तिथे त्याने कोरी जागा सोडली होती. त्याला पुढे जाववेना.

"वाच नं," नत्थुजी म्हणाले.