पोटाला विचारून

वाचकहो, आज सकाळचा शेवटचा घास तुम्ही कुणाला विचारून खाल्लात? अमेरिकेतल्या लढाईमुळे आपला कापूस सोन्याच्या मोलाने विलायतेला जाऊ लागला, त्या वर्षांत सारं वऱ्हाड नुसतं तोंडाने जेवत होतं. पोटाला विचारून जेवणारं माणूस मी एकच पाहिलं. ती माझी आत्या.

आत्या दर्यापूरकडच्या एका खेड्यात राहायची. विधवा, मूलबाळ नाही, काळी जमीन स्वतः कसायची. ताट पुढे आलं की ती डावा हात पोटावर ठेवायची आणि डोळे मिटायची. तिच्याकडे गेलेली आम्ही भाचरं हात आवरून बसायचो. "थांबा, इचारून रायली," ती म्हणायची. कधी उत्तर अर्ध्या भाकरीचं यायचं, कधी नुसत्या ताकाचं. एकदा ऐन एकादशीला तिच्या पोटाने भरली वांगी सांगितली, तेव्हा गावच्या भटजींनी महिनाभर तिच्याशी बोलणं टाकलं. "बरं झालं," आत्या म्हणाली, "त्याइच्या बोलण्यानं मले अपचन होते."

पण तिला कुणी विरक्त समजू नये. जिलेबीवर तिचा जीव होता. फक्त त्याला तिचा एक कायदा होता: "पयल्या दिवशी मांगते ते तोंड. तिसऱ्या दिवशीबी मांगते ते पोट." तीन दिवस जिलेबी आठवत राहिली की ती छकडा जुंपून दर्यापूरच्या बाजाराला जायची आणि हलवायासमोर बसून, कुणाकडे न बघता, मनसोक्त खायची. अकोल्याला एका कापूस-दलालाकडे लग्न होतं. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या, पंगतीत पाच पक्वान्नं; माणसं खात, मागे जाऊन ओकत, परत येऊन बसत. आत्याने दोन जिलेब्या खाल्ल्या, तिसरी अर्धी तोडून ठेवून दिली. यजमान धावत आले, "काहून आत्याबाई, गोड नाई झाली का?" "गोड हाये बाप्पा. पर पोट उठून गेलं. तोंडच एकटं बसलं हाये पंगतीत."

मी तेव्हा अमरावतीला शिकत होतो, आणि छापील चोपड्यांनी माझं डोकं तापलेलं होतं. गावाने बांधापर्यंत कापूस पेरला तरी आत्या विहिरीजवळचा एक पट्टा दरवर्षी ज्वारीला राखायची. मला तो अडाणीपणा वाटे. शहाणा शेतकरी बाजाराला हवं ते पेरतो आणि धान्य विकत आणतो, असं मी तिला चोपडीतून वाचून दाखवलं.

"तुह्या कागदाले भूक लागते का रे बापू?" तिने विचारलं.

मी हटलो नाही. तिसऱ्या दिवशी ती हसली. "तिसऱ्या दिवशीबी मांगून रायला. म्हंजे खरंच पायजे तुले." आणि त्या पट्ट्यात तिने कापूस पेरला.

पुढच्या श्रावणात मी तिच्याकडे असताना तिला हगवण लागली. तांदळाची पेज टिकेना, साखरपाणी टिकेना. पोटावर हात ठेवून तिने ज्वारीची आंबील मागितली. घरातली कणगी रिकामी होती. पहिलाच दिवस, तोंडाचं मागणं असेल, असं म्हणून मी तिचाच कायदा तिच्यावर चालवला. दुसऱ्या दिवशीही तिने मागितली. तिसऱ्या दिवशी मी उठलो. घरोघर फिरलो. साखर मिळाली, तूप मिळालं, एका घरी तर केशर काढून दिलं. ज्वारी कुठेच नव्हती. धान्याच्या गाड्या वाटेतल्या चिखलात रुतून बसल्या होत्या. मजुरांच्या वस्तीत चुलीच पेटल्या नव्हत्या, तिथे विचारायला माझी जीभ उचलली नाही. शेवटी गुडघाभर चिखल तुडवत पलीकडच्या गावी गेलो, तेव्हा एका माळीणबाईने मडक्यातली ज्वारी ओंजळभर दिली. "बियाण्याची हाये," ती म्हणाली, "पर बिमार माणसाले नाई कसं म्हणू?"

घरी येऊन दळली, पीठ ताकात कालवून शिजवलं. वास आला तसे आत्याने डोळे उघडले. तिचा डावा हात उचलेना, तो मीच पोटावर ठेवला. ती बराच वेळ विचारत राहिली.

"लय साजरा वास हाये," ती म्हणाली. "पर पोट उठून गेलं रे बापू."

मी वाटी झाकायला घेतली. ती माझ्याकडे बघत होती. "सकायपासून जेवला नाईस तू. इचार बरं तुह्या पोटाले."

मी विचारलं. भूक लागली होती. तिच्यासमोर बसून ती आंबील मी संपवली, आणि मी वाटी खाली ठेवेपर्यंत ती जागी होती. दुसऱ्या दिवशी ती गेली.

आता लढाई थांबली आहे, कापसाचा भाव पडला आहे, तरी लोक बांधापर्यंत कापूसच पेरतात. त्या ओंजळीतली चिमूटभर ज्वारी मी दळली नव्हती. ती यंदा विहिरीजवळ पेरली आहे. वाचकहो, या पेरणीत कापसाच्या कडेला चार ओळी ज्वारीच्या ठेवा. माझं खरं मानू नका. हाही कागदच आहे, याला भूक लागत नाही. पेरणीची पाभर जुंपण्याआधी पोटावर हात ठेवा आणि विचारा. आणि पहिल्याच दिवशी ऐका.