माझी सही, दुसऱ्याचे शब्द

भूममध्ये मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. आठवडी बाजारात रिकामा वेळ मिळाला की माणसांचे चेहरे काढत बसायचो. ते चेहरे एका संपादकांनी पाहिले आणि मला धाराशिवला बोलावून घेतलं. तेव्हापासून त्यांच्या दैनिकाच्या पहिल्या पानावर माझी व्यंगचित्राची चौकट असते. सकाळी एसटी स्टँडवर कुणी पेपर उघडून गालात हसताना दिसला की माझा दिवस चांगला जायचा.

गेल्या उन्हाळ्यात एक चित्र काढलं होतं. पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स आणि त्याच्या सावलीत रिकाम्या घागरी घेऊन टेकलेल्या बायका. त्यातली एक म्हणते, "सायबानं सावली दिली, आता पाणी बी देतील." लोक हसले, पुढारीही हसले म्हणे.

काही दिवसांनी कुणीतरी ते वाक्य पुसलं आणि त्या बाईच्या तोंडी एका समाजाबद्दल घाणेरडे शब्द घातले. खाली माझी सही तशीच ठेवली. मोबाइलवरून ते चित्र जिल्हाभर फिरलं.

मला कळलं ते आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडून. तो त्याच समाजाचा, माझे सगळे सदरे त्यानंच शिवलेले. त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला.

"हे तुमी काढलं?"

"चित्र माझं आहे. शब्द माझे नाहीत."

"सही तर तुमचीच हाय की." एवढं बोलून तो मशीनकडं वळला.

दुपारी काही तरुण घरी आले. मी ऑफिसात होतो. बायको मूळ पेपर घेऊन दारात उभी राहिली. "चित्र तेच आहे, पण वाक्य वाचा," म्हणाली. त्यांनी आळीपाळीनं वाचलं. बहुतेक जण ओशाळले. जाताना एक जण म्हणाला, "तरीबी काकू, असली चित्रं काढायचीच कशाला?" तिनं हे मला जेवताना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संपादक म्हणाले, "दिलगिरी छापू."

"कशाची? मी न लिहिलेल्या शब्दांची?"

"आधी लोक शांत होऊ द्या. खरंखोटं नंतर बघू."

मी म्हणालो, दोन्ही चित्रं शेजारी शेजारी छापा, लोकांना फरक दिसेल. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "म्हणजे ती घाण आपणच पुन्हा छापायची?" दिलगिरी छापून आली. ज्यांचा त्या चित्रावर अजून विश्वास बसला नव्हता, त्यांचाही या दिलगिरीमुळं बसला.

संध्याकाळी कळंबहून धाकट्या बहिणीचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "दादा, माफी मागितलीस, म्हंजे तूच लिहिलं व्हतं का रं?"

उद्या येतो म्हणालो. सकाळची एसटी धरून मी कळंबला गेलो आणि मूळ पेपर तिच्या मांडीवर ठेवला. तिनं वाचलं आणि तिला रडू फुटलं. तिचे सासरे शेजारीच बसले होते. म्हणाले, "पाव्हणं, आमाला पटलं हो. पण तुमी घरोघरी पेपर घेऊन किती हिंडणार?"

पोलिसांत तक्रार दिली. शब्द कुणी बदलले ते सापडलं नाही. शिंपी आता नमस्कार करतो, पण पूर्वीसारखा चहाला थांबवत नाही. मीही मुद्दाम थांबत नाही.

काही आठवडे माझ्या जागी राशिभविष्य येत होतं. मग संपादकांनी पुन्हा बोलावलं. "सुरू करा, पण शब्द नकोत," म्हणाले. मी कबूल झालो. आता बिनशब्दांची चित्रं काढतो. चित्रात कुठं मोकळी जागा उरली की तिथं झाड, विजेच्या तारा, कावळे, काहीतरी काढतो. तरीही कोपरा उरलाच, तर तो रेघांनी भरून टाकतो. कुणाला काही लिहायला जागा राहू नये. छापल्यावर चित्र काळपट दिसतं. संपादक कुरकुरतात, "अहो, जरा मोकळं काढा." मी हो म्हणतो आणि दुसऱ्या दिवशीही तसंच काढून देतो.