आप्पांचे मरण आणि पाच चिंचोके

आप्पा आमच्या ओसरीवर दुपारी मेले आणि तिन्हीसांजेला खापरावरची पुरणपोळी जेवून बैलगाडीने घरी गेले. गावात ही हकिकत अजून सांगतात, पण चुकीची. माझेही आता वय झाले, म्हणून खरे काय ते लिहितो.

पन्नासच्या दशकात कळसाडीला आमच्या घरी लढाईचा खेळ चाले. गोष्ट मी सांगायचो आणि राक्षसही मीच. बाकीचे वीर. वार करायचा तर फोडलेले पाच चिंचोके टाकायचे. जितकी पांढरी पोटे वर, तितका घाव खोल. (एकच पांढरे पडले तर मी तलवार म्यानातच अडकवायचो.) पाचही काळे पडले की वीर मेला, राक्षस पडेपर्यंत त्याने डोळे मिटून आडवे राहायचे, बोलायचे नाही. चिंचोके पडतील तशी गोष्ट वळायची. ती माझ्या बाजूने वळावी म्हणून मी पांढऱ्या पोटांना मेणबत्तीचे मेण चोपडले होते. जड बाजू खाली, काळी वर.

ते खरवडायचे राहिले, आणि आप्पा त्यांच्या मुलासाठी माझी बहीण सुशी हिला बघायला आले. सोबत त्यांची बायको, जिजी. सुशीला मुलगा पसंत होता. होकार आप्पांचा हवा होता. त्यांना मात्र चिंचोके दिसले.

"मी सेनापती," आप्पा म्हणाले. "पोरी, फुक मार यास्ले."

सुशीने लाजत फुंकर मारली. आप्पांनी टाकले. पाचही काळे.

गोष्टीच्या भरात मी गावाला ऐकू जाईल असा ओरडलो, "आप्पा मरी ग्यात!"

आप्पा नियमाचा माणूस. टोपी छातीवर ठेवून आडवे झाले. माझे वडील, नाना, राजा होते. सूड घ्यायला त्यांनी चिंचोके टाकले. काळेच. तेही शेजारी आडवे.

तेवढ्यात जिजी आणि आई चुलीपासून धावत आल्या. जिजीने पिठाच्या हातांनी आप्पांना हलवले. आप्पा हलेनात. "मन्हा मालक गया वं माय!" आईने नानांकडे पाहून दुसरा सूर लावला. शेजारी जमले. एक जण बांबू आणायला निघालासुद्धा. (अशा कामाला आमच्याकडे माणूस कमी पडत नाही.)

"खेळ शे, जिजी, खेळ शे," मी म्हणत होतो.

"मग उठाड त्यास्ले."

राक्षस पडल्याशिवाय उठवू कसा? आणि मला मारायला वीरच उरला नव्हता. घाईने म्हणालो, "राक्षसले साप चावना. मरी गया."

आप्पा डोळे मिटूनच म्हणाले, "चिंचोका टाकाशिवाय?"

जिजी रडायची थांबली आणि तिने त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की मेलेला माणूस ताठ बसला.

"अशा घरनी पोर नको," जिजी म्हणाली. सुशीचे डोळे भरले.

आप्पा टोपी झटकत म्हणाले, "अवं, मरानी आवई उठनी का आयुष्य वाढस. पोरनी फुक चांगली शे. हाईच सून."

लग्न झाले. आप्पा खरोखरच खूप जगले, आणि गावाला निघताना, औषध घेताना, साधी शिंक आली तरी सुशीकडून कपाळावर फुंकर मारून घेत राहिले. माहेरी आली की ती विचारायची, "भाऊ, मन्ही फुकमा काय शे रे?" मी पाणी प्यायला उठायचो.

परवा तिला हे सगळे वाचून दाखवले. मेणाचे तिने दोनदा वाचायला लावले. मग म्हणाली, "भाऊ, त्या राक्षसले साप चावना, तो मरना का नही?"

"मरना ना."

"चिंचोका टाकाशिवाय?"

तिचे बरोबर होते. नियमाने राक्षस अजून जिवंत आहे. दात तेवढे कवळीचे.